सोडल्याचा निरोप

मे महिन्यातली दुपार, इंदोरा.
कूलरची टाकी आईने दुसऱ्यांदा भरलीय,
खोलीभर वाळ्याचा ओला वास,
आणि सुगतच्या मांडीवर माझं जुनं पॅड,
सीताबर्डीत सेकंडहँड मिळालेलं,
सोळा रबरी चौकोन, त्यातला एक मेलेला.

आज मला सुट्टी.
काल कोराडी रोडच्या लॉनवर
रात्री दीडपर्यंत नवरदेवाच्या मामांच्या फर्माइशी वाजवल्या,
बोटं ठणकताहेत.
सुगत म्हणतो, तुही बोटं दुखतात, माही संपतात.
तो हे हिशेब सांगावा तसं सांगतो.

त्याच्या खेळात एक तिरंदाज आहे.
कळ दाबून धरली की दोरी ताणली जाते,
कळ सोडली की बाण.
दाबून धरणं, नेमकं तेवढंच त्याच्याकडे नाही.
टिचकी आहे, टिचकीपुरतं बोट आहे.
मेडिकलमधल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलंय,
घरात ते कुणी शेवटपर्यंत उच्चारत नाही.

मी सॉफ्टवेअर उघडलं, वायर जोडली,
आणि अकरा वर्षं वाजवूनही कधी न पाहिलेलं
पडद्यावर ओळीने उतरायला लागलं:
सूर दाबला.
सूर सोडला.
दोनच निरोप. मधल्या वेळात
वायरीतून काही म्हणजे काहीच जात नाही.
म्हणजे मांडवात मी लांबवलेला प्रत्येक सूर
हा फक्त
अजून न पाठवलेला दुसरा निरोप होता.

सुगतच्या टिचकीचा जोरही आकड्यात आला.
एकशे सत्तावीसपैकी नऊ.
मी खालची मर्यादा काढून टाकली.
शून्याच्या वर जे येईल ते चालेल, असं लिहिलं.
मग लिहिलं: टिचकी आली की कळ खाली,
दोन हजार मिलिसेकंद थांब,
मग वर.

त्याने टिचकी मारली.
पडद्यावरचा हात मागे गेला, दोरी ताणली, ताणली,
आणि बाण सुटून झाडाच्या बुंध्यात.
आई ओल्या हातांनी दारात आली,
मी टाळ्या वाजवल्या,
सुगत मात्र बुंध्याकडे बघत राहिला.

चार बाण झाले, पाच झाले.
निशाण डावीकडून उजवीकडे सरकत होतं
आणि बाण माझ्या दोन सेकंदांनी सुटत होता.
"बाण माहा हाय ना?
मंग सोडतं काऊन तू?"

मला काही सुचलं नाही.
वाटलं, आकडा बदलू, दीड करू, अडीच करू,
पण त्याचं म्हणणं आकड्याबद्दल नव्हतंच.

पुन्हा लिहायला बसले.
वेळ खोडली. मोजणंच खोडलं.
पहिली टिचकी, खाली.
दुसरी टिचकी, वर.
मध्ये कितीही वेळ जाऊ दे, तो त्याचा.

आता त्याने पहिली टिचकी मारली
आणि बोट उचलून मांडीवर ठेवलं.
दोरी ताणलेलीच.
त्याने निशाणाला एकदा जाऊ दिलं, दुसऱ्यांदा जाऊ दिलं,
माठाकडे बघितलं, मी पाणी पाजलं, तो प्यायला,
दोरी ताणलेलीच.
मग हनुवटी पुसून मागत न थांबता
टिच्.
बाण कुठे लागला ते मी पाहिलं नाही,
मी त्याचं तोंड बघत होते.

सव्वातीनला लाइट गेली.
कूलर घरघरत बसला. लॅपटॉप बॅटरीवर चालू.
आई खिडकी उघडायला लगबगीने आत आली
आणि वायर तिच्या पायात अडकून निघाली,
नेमकी पहिल्या टिचकीनंतर.

पॅडचे दिवे गेले.
पडद्यावर तिरंदाज एक डोळा मिटून,
कोपर मागे, बाण गालाला टेकवून उभा.
दुसरा निरोप आता येणार नव्हता.
मी वायर उचलायला वाकले तर म्हणाला,
"राहू दे वं ताई. थोडा वेळ."

कूलरच्या गवतातून थेंब पडत होते.
आम्ही तिघं त्या दोरीकडे बघत बसलो.
बऱ्याच वेळाने आई म्हणाली,
"दुखत नसन का याचा हात?"